खिमा कशाचा?

तिसऱ्या रोज्याच्या दिवशी इफ्तारला पंधरा-वीस मिनिटे असताना मी शेजारच्या दारात डबा घेऊन उभी होते. डब्यात खिमा, चार समोसे आणि वरच्या खणात कलिंगडाच्या फोडी. दार नव्या सूनबाईंनी उघडले. त्यांच्या लग्नाला अजून वर्षही झालेले नाही. त्यांनी डबा घेतला, झाकण जरा उचलून पाहिले आणि सहज विचारले, “ताई, खिमा कशाचा?”

“बकऱ्याचा,” मी म्हटले. त्या हसल्या, थँक्यू म्हणाल्या. अजानची वेळ होत आली होती, मी घरी परतले.

या घरात आम्हाला बावीस वर्षे झाली. बावीस रमजानांत त्या दारातून हा प्रश्न पहिल्यांदाच आला. राग आला का? खजूर तोंडात पडेपर्यंत थोडा आला होता. मग ओसरला, कारण प्रश्न रास्त होता. दुसऱ्याच्या घरातून आलेले खाताना ते कशाचे आहे हे विचारण्याचा हक्क सगळ्यांनाच आहे. आम्हीही विचारतोच की. लग्नाच्या पंगतीत मटण दिसले तर हलाल आहे ना, असे हळूच कोणाला तरी विचारल्याशिवाय आमचे हात ताटाकडे जात नाहीत. मुलांना परदेशी चॉकलेट मिळाले तर पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांत जिलेटिन शोधतो. तेव्हा तक्रार प्रश्नाबद्दल नाही. बावीस वर्षे तो का आला नाही आणि आताच का आला, एवढेच मनात राहिले. त्याचे उत्तर निम्मे खिमा या पदार्थात आहे आणि निम्मे गेल्या दहा-अकरा वर्षांतल्या महाराष्ट्रात.

आधी पदार्थाचे बोलू. ‘खिमा’ हा शब्द मुळात तुर्की. तिकडे बारीक कापण्याला जे क्रियापद आहे, त्यावरून ‘कियमा’ झाला, फारसीतून उर्दूत ‘कीमा’ म्हणून आला आणि मराठीत येताना ‘ख’ घेऊन बसला. आता तो कोणा एकाचा राहिलेला नाही. मुंबईत इराण्याच्या हॉटेलात सकाळी खिमा-पाव खाणाऱ्यांची जात-धर्म कोणी विचारत नाही. सीकेपी घरातला खिमा पॅटिस ज्याने खाल्ला, तो दुसऱ्या पॅटिसला नावच ठेवतो.

आमच्या घरात मात्र खिमा आला तो काटकसरीतून. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगायच्या की पाव किलो मटणाचे तुकडे केले तर घरात कोणाच्या वाटीत किती आले यावर भांडण होते, आणि पाव किलोचा खिमा केला तर आठ माणसे गप्प जेवतात. तुकडा मोजता येतो, खिमा मोजता येत नाही. त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ घाला, बटाटा घाला, हिवाळ्यात मटार किंवा मेथी घाला. तो वाढत जातो. हदीसमध्ये पैगंबरसाहेबांनी आपले साथीदार अबू जर यांना सांगितलेली एक गोष्ट येते, की रस्सा शिजवशील तेव्हा त्यात पाणी जास्त घाल आणि शेजाऱ्यांना त्यातले दे. अम्मींचे स्वयंपाकघर या एका सांगण्यावर चालायचे. पाण्याऐवजी त्या डाळ घालायच्या, एवढेच.

कृती तशी साधी, पण तिच्यात तीन ठिकाणी माणूस चुकतो. पहिली चूक धुण्यात. खिमा पातेल्यात पाणी घालून चोळला की त्याची चव पाण्याबरोबर जाते. बारीक जाळीच्या चाळणीत घेऊन वरून पाणी सोडायचे आणि अर्धा तास निथळत ठेवायचे. दुसरी चूक परतण्यात. तेलात तमालपत्र, दालचिनी, दोन-तीन लवंगा, एक मसाला वेलची आणि शहाजिरे टाकून बारीक चिरलेला कांदा चांगला तांबूस करायचा, आले-लसूण वाटण घालायचे, मग हळद-मीठ लावलेला खिमा. इथे आच मोठी हवी आणि उलथन्याने गुठळ्या सतत मोडायला हव्यात. खिम्याला आधी पाणी सुटते. ते पूर्ण आटून कडेला तेल दिसू लागेपर्यंत धीर धरायचा. बहुतेक जण याच वेळी घाईने टोमॅटो घालतात आणि मग खिमा शिजतो, पण उग्र वास राहतो. तेल सुटल्यावर धणेपूड, मिरचीपूड किंवा आपला कांदा-लसूण मसाला, बारीक चिरलेला टोमॅटो, भिजलेली डाळ, वाटीभर गरम पाणी, आणि झाकण ठेवून मंद आचेवर अर्धा तास. तिसरी चूक शेवटी होते: गरम मसाला भसाभस टाकण्याची. चिमूटभर पुरे. वरून कोथिंबीर, पुदिन्याची सात-आठ पाने, लिंबू. सहरीसाठी करायचा तर तिखट आणि मीठ दोन्ही हात राखून घालायचे, नाहीतर दुपारी बारा वाजताच घसा कोरडा पडतो.

आणि रमजानमध्ये चौथी अडचण. रोजा असताना चाखता येत नाही. स्वयंपाक दुपारी चारनंतर सुरू होतो आणि मीठ बरोबर आहे का हे सांगायला घरात कोणी नसते. लहान मुलांना विचारले तर ती ‘मस्त’ म्हणतात, म्हणजे काहीच सांगत नाहीत. आमच्याकडे हे काम शेजारच्या काकूंचे होते. अम्मी जिन्यातून हाक मारायच्या, काकू साडीला हात पुसत यायच्या, वाटीतून चमचाभर खिमा खायच्या आणि निकाल द्यायच्या. “मीठ कमी.” “आज आलं जास्त झालंय हो.” सोमवार आणि गुरुवार सोडून. त्या दोन दिवशी आमचा खिमा अंदाजावर. काकूंनी कधी ‘कशाचा’ विचारले नाही, कारण अम्मी त्यांना विचारायची वेळच येऊ देत नसत. हाक मारतानाच सांगायच्या, “छोट्याचा आहे, या.” ज्या दिवशी घरात मोठ्याचे शिजत असे, त्या दिवशी हाक नसे. काकूंनाही ते कळत असे आणि त्या कधी ‘आज का बोलावलं नाही’ म्हणत नसत. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. नवी सूनबाई ही त्यांच्या धाकट्या मुलाची बायको. तिला हा सगळा व्यवहार कोण सांगणार?

‘छोट्याचे’ आणि ‘मोठ्याचे’ हे शब्द आमच्या वाचकांतल्या काहींना नवे असतील. छोटे म्हणजे शेळी-मेंढी, मोठे म्हणजे बैल, म्हैस, रेडा. मुसलमानांच्या गरीब मोहल्ल्यांत, आणि केवळ मुसलमानांच्याच नव्हे तर बऱ्याच दलित आणि ख्रिस्ती घरांतही, रोजचे मांस हे मोठ्याचेच होते, कारण ते स्वस्त होते. आजही आमच्या गावात बकऱ्याचे मटण किलोला आठशेच्या घरात आहे आणि म्हशीचे त्याच्या निम्म्याहून कमी दरात मिळते. पाच माणसांच्या मजुराच्या घरात रमजानचे तीस दिवस बकऱ्याचा खिमा शिजत नाही. तिथे शिजते ते मोठ्याचे, नाहीतर कोंबडीचे, नाहीतर नुसती डाळ.

आता कायद्याकडे येऊ, कारण ‘कशाचा’ या प्रश्नात खरा काटा तिथे आहे. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला बंदी 1976 च्या प्राणी संरक्षण कायद्यापासूनच आहे. बैल आणि वळू यांनाही त्यात आणणारी दुरुस्ती विधिमंडळाने 1995 मध्ये मंजूर केली. राष्ट्रपतींची मान्यता तिला फेब्रुवारी 2015 मध्ये मिळाली आणि मार्च 2015 पासून ती लागू झाली. कत्तल, विक्री, वाहतूक यांसाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हशी-रेड्यांच्या कत्तलीला या कायद्याने बंदी नाही. म्हशीसाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. म्हणजे परवानगी असलेल्या कत्तलखान्यातून आलेले म्हशीचे मांस विकणे, विकत घेणे, शिजवणे, डब्यात भरून नेणे यांत काहीही बेकायदा नाही. आपल्या देशातून जे ‘बीफ’ म्हणून परदेशी जाते तेही म्हशीचेच. गायीच्या मांसाच्या निर्यातीला बंदी आहे. ‘बीफ’ या एका इंग्रजी शब्दाने दोन्हींना एकाच पोत्यात घातले आणि निम्मा गोंधळ तिथून सुरू झाला. गावातल्या चांगल्या शिकलेल्या लोकांशी बोलताना मला दिसते की ‘मोठ्याचे म्हणजे बेकायदाच’ असा त्यांचा पक्का समज आहे. त्यात मुसलमानही आहेत.

या दुरुस्तीला आव्हान दिले गेले आणि 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. बैल-वळूंच्या कत्तलीवरची बंदी न्यायालयाने वैध ठरवली. पण दोन कलमे रद्द केली. एक, ज्या राज्यात कत्तल कायदेशीर आहे तिथून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे. दुसरे, आपण निर्दोष आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकणारे. माणूस आपल्या घरात काय खातो हा त्याच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, हा विचार त्या निकालाच्या मुळाशी होता. मला त्यातले दुसरे कलम रद्द होणे अधिक महत्त्वाचे वाटते. सिद्ध करायचे ते आरोप करणाऱ्याने. डबा धरणाऱ्याने नव्हे.

रस्त्यावर मात्र हा निकाल कोणी वाचलेला दिसत नाही. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये इगतपुरीच्या आसपास एका वृद्ध गृहस्थांना तरुणांच्या टोळक्याने घेरले. जळगाव जिल्ह्यातून ते कल्याणला आपल्या मुलीकडे निघाले होते. सामानात दोन प्लास्टिकच्या बरण्या होत्या आणि त्यांत मांस होते. ते म्हशीचे आहे असे ते सांगत होते. कोणी ऐकले नाही. शिव्या, चापट्या, आणि वर त्याचे चित्रीकरण. ते चित्रीकरण फिरल्यावर रेल्वे पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्या मारहाणीबद्दल बरेच लिहिले गेले. मला आठवत राहिल्या त्या बरण्या. बाप मुलीकडे जाताना घरचे काहीतरी नेतो. कोणी लोणचे नेतो, कोणी शेंगदाण्याची चटणी, कोणी सुके मटण. आमच्या घरातून दर ईदला माझ्या नणंदेकडे एसटीने खिम्याचा डबा जायचा. कंडक्टर ओळखीचा असला तर तोच पोहोचवायचा. 2024 नंतर आम्ही तो बंद केला. आमचा खिमा बकऱ्याचा असतो, कायदेशीर असतो, तरी बंद केला. आता शिरखुर्म्याचा सुका मेवा जातो. शेवयांना कोणी काही विचारत नाही.

खिमाच का बंद केला, बिर्याणी का नाही? कारण मांसाच्या सगळ्या प्रकारांत खिमा हा एकटाच असा आहे की ज्याला चेहरा राहत नाही. नळी दिसली, बरगडी दिसली की जनावर ओळखता येते. बकऱ्याची बरगडी आणि म्हशीची बरगडी यांत घोटाळा होऊच शकत नाही. कच्चे असताना जाणकार रंगावरूनही सांगतात: म्हशीचे मांस गडद आणि जाड धाग्याचे, चरबी पांढरी, गोवंशाची चरबी पिवळसर. पण एकदा यंत्रातून काढून, मसाल्यात परतून, तेल सुटेपर्यंत शिजवल्यावर भल्याभल्यांना सांगता येणार नाही. ते सांगायला प्रयोगशाळा लागते. म्हणून पोलीस नमुना पाठवतात, अहवालाची वाट पाहावी लागते, आणि तोपर्यंत माणसाबद्दलचा निकाल गावाने लावून टाकलेला असतो. उद्या अहवाल ‘म्हशीचे’ असा आला, तरी तो पहिल्या पानावर छापला जात नाही.

इथे आमच्याही घरचे झाकण उघडायला हवे. खिम्याला चेहरा नसतो, याचा गैरफायदा घेणारे आहेत, आणि त्यांत आमच्यातलेही आहेत. सकाळी काढून ठेवलेला खिमा दुपारपर्यंत पाटीत पडलेला असतो. कालची छाट आजच्या खिम्यात जाते. बकऱ्याचा म्हणून विकला जाणारा खिमा निव्वळ बकऱ्याचा असेल याची हमी प्रत्येक दुकानात नसते. रमजानमध्ये संध्याकाळी गाड्यांवर खिमा समोसे तळले जातात. दर पाहिला की मला हिशेब जुळत नाही. मटण आठशे रुपये किलो असताना त्या दरात बकऱ्याचा समोसा मिळूच शकत नाही. गाडीवाला फसवतो असे नाही, विचारले तर तो सांगेलही. पण विचारतो कोण? मी बाहेरचा खिमा समोसा खात नाही आणि मुलांनाही देत नाही. मग माझ्या शेजारणीने माझ्या डब्याबद्दल विचारले तर मला कोणत्या तोंडाने वाईट वाटावे?

अम्मींचा नियम साधा होता. तयार खिमा कधी घ्यायचा नाही. आधी रानाचा किंवा खांद्याचा तुकडा निवडायचा, पापुद्रे काढून घ्यायचे, थोडी चरबी राहू द्यायची आणि आपल्या डोळ्यांसमोर काढून घ्यायचा; शक्य असेल तर यंत्राऐवजी सुऱ्याने कापून. यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचे काय गेले ते आपल्याला माहीत नसते. आमचे मटणवाले चाचा रमजानच्या गर्दीतही यंत्र धुऊन मगच आमचा खिमा काढतात. तोंडाने पुटपुटतात, पण धुतात.

गेल्या वर्षी रमजान चालू असतानाच, मार्च 2025 मध्ये, राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी झटका मटण विकणाऱ्या हिंदू दुकानदारांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा केली. झटका हवा त्याला झटका मिळावा, यात वाद नाही. आम्हाला हलाल हवे असते, तसेच ते आहे. खटकले ते त्याबरोबर केलेले दावे. या मटणात लाळ नाही, दुसऱ्या प्राण्याचे मांस मिसळलेले नाही. म्हणजे इतरांच्या मटणात असते, हे न बोलता बोलले गेले. भेसळीची भीती खरी असेल तर तिच्यावरचा इलाज धर्म पाहून कसा चालेल? अन्नसुरक्षेचा 2006 चा केंद्रीय कायदा आहे, परवाने आहेत, अन्न व औषध प्रशासन आहे, पालिकेच्या कत्तलखान्यात पशुवैद्यकाने जनावर तपासून मांसावर शिक्का मारायचा असतो. आपल्यापैकी कितीजण दुकानात तो शिक्का पाहतात? मी स्वतः हा लेख लिहायला बसेपर्यंत पाहत नव्हते. लहान शहरांत कत्तलखान्यांची अवस्था काय असते, पाणी असते का, तपासणी होते का, हे नगरपालिकेच्या सभेत कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तो प्रश्न विचारला तर हलाल खाणारा आणि झटका खाणारा दोघांचेही पोट वाचेल.

आणि गंमत अशी, की ज्या महाराष्ट्रात आज हे दोन मटणांचे भांडण लावले जाते, त्याच महाराष्ट्रात गावगाड्यात मुलाणी नावाचा मानकरी होता. जत्रेचे बकरे असो, देवाचा नवस असो, गावात मुलाण्याने येऊन सुरी फिरवायची आणि मग पाटलापासून सगळ्यांच्या घरी वाटे जायचे. त्याचा वाटा ठरलेला असे. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या कितीतरी खेड्यांत अजून हे चालते. देव खंडोबा किंवा म्हसोबा, नैवेद्य पाटलाचा, हलाल करणारा मुलाणी, आणि यात कोणालाच काही विचित्र वाटत नव्हते. ते कोणत्याही प्रमाणपत्राविना पिढ्यान्‌पिढ्या चालले होते, कारण मुलाणी ओळखीचा होता. शहरात कोणीच ओळखीचा नसतो, तिथे कागदच लागणार, हे मान्य. फक्त तो कागद सरकारी तपासणीचा असावा.

खिम्याच्या वाटीत आणखी एक माणूस आहे, तो बहुतेकांना दिसत नाही. शेतकरी. 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी थांबवली. कारण साधे होते. कायदेशीर म्हशी घेऊन निघालेली गाडीही रस्त्यात अडवली जाते, चालकाला मारहाण होते, जनावरे जातात आणि वर गुन्हा दाखल होतो. असा धंदा करण्यापेक्षा न केलेला बरा. काही आठवडे आठवडे बाजारांत गिऱ्हाईक नव्हते. तेव्हा पहिल्यांदा बऱ्याच जणांच्या लक्षात आले की बाजारात भाकड म्हैस घेऊन येणारा बहुतेक वेळा हिंदू असतो आणि ती विकत घेणारा कुरेशी. आटलेली म्हैस दावणीला ठेवून तिला वैरण घालायची की ती विकून दुभती आणायची, या हिशेबावर दुधाचा धंदा उभा आहे. गिऱ्हाईकच नाहीसे झाले, तर नवी म्हैस येणार कुठून? शेतकरी नेते सदाभाऊ खोत यांनी त्या वेळी तथाकथित गोरक्षकांच्या त्रासाबद्दल उघड तोंड उघडले, तेव्हा अनेकांना धक्का बसला, कारण ते सत्ताधाऱ्यांच्या बाजूचे. पण दावणीला भाकड जनावर बांधलेले असले की पक्ष आठवत नाही.

त्याच ऑगस्टमध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला, इतर काही शहरांतही तसेच आदेश निघाले. त्यावर वादंग झाले. मुख्यमंत्र्यांनी सांगितले की असे आदेश 1988 पासून निघत आले आहेत आणि कोणी काय खावे यात सरकारला रस नाही. तेव्हा उपमुख्यमंत्री असलेल्या अजित पवारांनीही अशा बंदीबद्दल नापसंती दाखवली. मला त्या वादात एक गोष्ट बरी वाटली: मटण बंद झाल्यावर ओरडणारे बहुतेक मराठी हिंदू होते. कोल्हापूरकरांनी तर 2019 च्या अखेरीस मटणाच्या दरासाठीच आंदोलन केले होते, बैठकांवर बैठका झाल्या होत्या. मटण हा मुसलमानांचा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी धुळवडीच्या सकाळी मटणाच्या दुकानासमोरची रांग पाहावी.

ती रांग आता जवळ आली आहे. यंदा धुळवड रमजानच्या मधोमध आली आहे आणि गुढीपाडवा आणि ईद एकदोन दिवसांच्या अंतराने. चाचा म्हणाले की धुळवडीला ते पहाटे चारला दुकान उघडतील, म्हणजे सहरी दुकानातच. दर वाढणार का विचारले तर वर बोट करून म्हणाले, “अल्लाह को मालूम.” म्हणजे वाढणार. आम्ही त्या आठवड्यात अर्धा किलोच्या जागी पाव किलो घेऊ आणि डाळ वाढवू.

राहिली सूनबाई. चौथ्या रोज्याला मी पुन्हा खिमा केला, मुद्दाम. दुपारी साडेचारला, तेल सुटल्यावर, जिन्यात जाऊन हाक मारली. “अगं, छोट्याचा आहे. समोर उभं राहून काढून आणलाय. जरा मीठ बघायला येतेस का? माझा रोजा आहे.”

ती आली. तिला आधी कळले नाही की चाखायला माणूस का हवा. मग सांगितल्यावर हसली. म्हणाली, “सासूबाई करायच्या हे, मला ह्यांनी सांगितलं होतं, पण मला वाटलं तुम्ही आता कोणाला तरी बोलावत असाल.” वाटीतून चमचाभर खिमा घेऊन फुंकर मारून खाल्ला. थोडा वेळ विचार केला.

“मीठ बरोबर आहे, ताई. पण तिखट फार झालंय.”

मी दोन बटाटे सोलायला घेतले.